युनाचे आप्पा गाडीतच थांबतात

आमच्याकडे दह्याचे रिकामे डबे साठतात, तसे हे किस्से साठलेत. टाकवत नाहीत, आणि कपाटाचं दार जरा उघडलं की सगळे एकदम अंगावर येतात. जर्सी सिटीत दर दोन-तीन शनिवारी कुणा ना कुणाच्या घरी आम्ही मराठी मंडळी जमतो. पावभाजीचा पहिला घास पोटात गेला की नीलिमाकाकू हमखास विचारतात, "मेधा, तुझ्या कोरियन पोरांचं काय नवीन?" मग मी एक सांगते, त्यातून दुसरा निघतो, आणि मंडळी हसून हसून बेजार होतात.

हसू देत, मी सांगतेही तसंच. पण एक गोष्ट आधीच कबूल करते. मी जन्माची भित्री आहे. मला पालीची भीती वाटते, लिफ्टची वाटते, हायवेवर लेन बदलायची वाटते, आणि सरकारी पाकीट आलं की अभय घरी येईपर्यंत मी ते उघडत नाही. अभय म्हणजे माझा नवरा. त्याच्या व्हिसावर आम्ही इथे आहोत. मला नोकरीची परवानगी नाही. साताऱ्यात नऊ वर्षं मी हायस्कूलमध्ये गणित शिकवलं आणि इथे आल्यावर पहिलं वर्ष पडदे धुण्यात घालवलं.

मग कुणीतरी सांगितलं की नदीकाठाने वर गेलं की एक गाव लागतं, तिथे दुकानांच्या पाट्यासुद्धा कोरियन आहेत. तिथल्या एका चर्चच्या तळघरात शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळतात, तीन ते सहा. आईबाप कुणी नेल सलूनमध्ये, कुणी लाँड्रीत, कुणी हॉटेलच्या किचनमध्ये. त्यांना फुकट गणित शिकवणारं माणूस हवं होतं. मी गेले. केंद्र चालवणाऱ्या मिसेस किम साठीच्या पुढच्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, आणि कशालाही न भिणाऱ्या. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "मुलं रडली तर तुम्ही रडता का?"

मी नाही म्हणाले. ते खोटं होतं.

*

पहिल्याच आठवड्यात मी उत्साहाने तक्ता केला. अकरा मुलांची नावं, पुढे रकाने, ज्याचं पाढ्याचं पाठांतर झालं त्याला सोनेरी चांदणी. साताऱ्यात असे तक्ते मी दरवर्षी करायचे. नावं छान ठळक दिसावीत म्हणून लाल मार्करने लिहिली.

तीन वाजता मुलं आली, तक्त्यासमोर उभी राहिली आणि गप्प झाली. अकरा मुलं एकदम गप्प झाली की काहीतरी बिघडलंय हे कुठल्याही बाईंना कळतं. मग एकजण रडायला लागला. त्याला बघून आणखी दोघं.

मिसेस किम आल्या, त्यांनी तक्ता पाहिला आणि भिंतीवरून उतरवला. म्हणाल्या, "मेधा, आमच्यात लाल रंगाने फक्त मेलेल्या माणसाचं नाव लिहितात."

नोकरी नाही, पगार नाही, आणि पहिल्याच आठवड्यात मी अकरा मुलं मारून ठेवली होती!

मिसेस किमनी काळा मार्कर घेतला आणि जमिनीवर बसून एकेक नाव गिरवायला सुरुवात केली. त्यांच्या शेजारी पहिलीतली एक बारीकशी मुलगी उभी राहून प्रत्येक नावावर लक्ष ठेवत होती. ही युना. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय तिचं समाधान होत नाही. एका अक्षराचं लाल टोक राहिलं होतं, ते तिने बोटाने दाखवलं. सगळी नावं काळी झाल्यावर तिने सुस्कारा सोडला, आणि मग तिची नजर माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर गेली. तो मीच तयार केला होता, त्याच लाल मार्करने.

"टीचर तर डेड आहेत," युना म्हणाली.

मिसेस किमनी बिल्ल्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "तुम्ही इंडियन. तुम्हाला कदाचित लागू होणार नाही."

त्या 'कदाचित'मुळे मी घरी गेल्या गेल्या अभयला माझं ब्लडप्रेशर बघायला लावलं.

*

लाल रंगाचं कळलं. पुढचं मला कोण सांगणार?

युनाने दहा बेरजा सोडवल्या. दहाच्या दहा बरोबर. मी दहा टिक केल्या, काळ्या पेनाने, आणि कागद तिच्या दप्तरात घातला. दुसऱ्या दिवशी सहा वाजता तिचे वडील तळघराच्या पायऱ्या उतरून आले. कोरियनमध्येही वडिलांना आप्पाच म्हणतात, त्यामुळे मीही त्यांना मनात युनाचे आप्पाच म्हणते. चाळिशीचा उंच माणूस, नखांत पांढरं सिमेंट, डोळे तांबारलेले. तो कागद त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"टीचर, सगळं चूक?"

मी घाबरून म्हणाले, "नाही नाही, सगळं बरोबर."

त्यांनी टिकवर बोट ठेवलं. त्यांच्याकडे बरोबर उत्तराला गोल करतात, आणि टिक म्हणजे चूक. बिचारे जेवणानंतर दोन तास त्या दहा बेरजा करत बसले होते. कॅल्क्युलेटरवर पाच वेळा करून पाहिल्या.

"मी बाथरूमच्या फरश्या बसवतो," ते म्हणाले. "हिशेब मला रोज लागतो. माझीही उत्तरं तीच येत होती. मग वाटलं, अमेरिकेत गणित वेगळं असेल."

मी तिथल्या तिथे दहा गोल काढले. ते कमरेत वाकले, आणि मग युनाही वाकली. नंतर मिसेस किमनी सांगितलं की युना तीन वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून ही दोघंच आहेत. मामा-काका कुणी जवळ नाही. त्या दिवसापासून मी कुठल्याही कोरियन मुलाच्या वहीत टिक केलेली नाही.

*

मे महिन्यात त्यांचा शिक्षक दिन असतो. मुलं कागदाचं कार्नेशन करतात आणि बाईंच्या छातीवर लावतात. माझ्या छातीवर अकरा फुलं लागली होती. मिसेस किम तांदळाचे गोड केक आणायला बेकरीत गेल्या होत्या आणि मी एकटी होते.

तेव्हा दिवस वाईट होते, अजूनही आहेत. ज्यांच्याकडे कागद नाहीत अशा लोकांना कुठे कुठे नेल्याच्या बातम्या रोज फोनवर यायच्या. आमच्या मुलांपैकी किती जणांच्या घरी कागद आहेत हे मी कधी विचारलं नाही, मिसेस किमनी सांगितलं नाही. त्यांची एकच सूचना होती. दार आतून बंद ठेवायचं, आणि त्या स्वतः असल्याशिवाय कुणालाही उघडायचं नाही.

साडेपाचला दारावर थाप पडली. जाड थाप. दाराच्या धुरकट काचेतून दोन माणसं दिसली. गडद निळे कपडे, कमरेला पट्टा, पट्ट्याला काहीतरी लटकलेलं.

मी जागच्या जागी उभी राहिले. पण शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं याची मुलांना इथे प्रॅक्टिस असते. एकाने लाइट बंद केला. दोघांनी खुर्च्या दाराला लावल्या. बाकीची टेबलांखाली गेली. युनाने मला हाताला धरून खाली ओढलं. आम्ही पाचजण एका टेबलाखाली होतो आणि माझ्या छातीवरची अकरा फुलं चुरगळत होती.

"टीचर," युना माझ्या कानात म्हणाली, "एवढ्या मोठ्याने श्वास घ्यायचा नसतो."

थाप पुन्हा पडली. मग बाहेरून मिसेस किमचा आवाज आला, मग किल्लीचा. ती माणसं आग विझवायचे सिलिंडर तपासायला आली होती. दरवर्षी येतात म्हणे. मिसेस किमनी त्यांना खुर्चीवर बसवून केक खायला घातला आणि विचारलं, "टीचर कुठे आहेत?"

"टेबलाखाली," युना म्हणाली. "त्यांना अजून थोडा वेळ लागेल."

इथे आमच्या शनिवारच्या मंडळींत खूप हशा होतो. मी पुढचं सांगत नाही. आज सांगते.

सहा वाजले. एकेक मूल गेलं. युनाचे आप्पा आले नाहीत. सहाच्या ठोक्याला येणारा माणूस. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. फोन लागेना. युनाने दप्तर पाठीवर अडकवलं होतं आणि ती तशीच खुर्चीच्या टोकावर बसली होती. मी म्हणाले, "अगं, दप्तर तरी काढून ठेव."

"नको," ती म्हणाली. "आप्पांना घाई असते."

मिसेस किमना न भिता बसलेलं पाहायची मला सवय होती. त्या दिवशी त्या एकच टेबल तीन वेळा पुसत होत्या.

सात वाजून दहा मिनिटांनी फोन आला. आप्पा मागच्या गल्लीत होते. सहाला दहा कमी असताना ते आले होते, तर दारात काळी गाडी आणि निळ्या कपड्यांतली दोन माणसं. ते न थांबता पुढे गेले आणि तासभर गावात फिरत राहिले. त्या दिवसापासून युनाचे आप्पा पायऱ्या उतरून आत येत नाहीत. रस्त्यावर पांढऱ्या व्हॅनमध्ये इंजिन चालू ठेवून थांबतात, आणि युना वर जाते.

*

प्रत्येक मुलाचं एक कार्ड असतं. मुलाला घरी कोण नेऊ शकतं त्यांची नावं त्यावर. इतर मुलांच्या कार्डावर आजी, मावशी, शेजारी, चार-पाच नावं. युनाच्या कार्डावर एक.

त्या आठवड्यात आप्पांनी मला व्हॅनपाशी बोलावलं. खिडकीतून त्यांनी कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं. मागे युना सीटबेल्ट लावून बसली होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

"युना इथे जन्मली. ती अमेरिकन," ते म्हणाले. शब्द जुळवून, हळूहळू. "मी शिकायला आलो होतो. व्हिसा संपला, मी राहिलो. वकील म्हणतात, युना एकवीस वर्षांची झाली की माझ्यासाठी अर्ज करू शकते. तोपर्यंत मी फक्त सापडायचं नाही."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

"एखाद्या दिवशी सहाला मी आलो नाही, तर तुम्ही तिला घरी न्या. लॉस एंजेलिसला माझी चुलत बहीण आहे. ती येईल. दोन दिवस लागतील. दोनच दिवस, टीचर."

मी म्हणाले, "विचार करून सांगते."

घरी अभयने नीट ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही. पण त्याच्या ऑफिसात दर महिन्याला लोकांना काढत होते, आणि नोकरी गेली तर साठ दिवसांत आम्हालाही गाशा गुंडाळावा लागणार होता. "मेधा, आपणच इथे एका पायावर उभे आहोत," तो म्हणाला. "कुठल्यातरी कागदावर तुझं नाव असायला हवंच का?"

मग मी काय केलं? रोज सहाला पाच कमी असताना बाथरूममध्ये जायला लागले. व्हॅन गेली की बाहेर यायचे. जून, जुलै, ऑगस्ट. मला माझी लाज वाटत होती, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

एके दिवशी बाथरूमच्या दारावर टकटक झाली. "टीचर," युनाचा आवाज, "तुमचं पोट रोज सहा वाजताच का बिघडतं?"

मी दार किलकिलं केलं. तिच्या हातात थर्मास होता.

"आप्पांनी आल्याचा चहा पाठवलाय. ते म्हणाले, रोज पाठवतील."

*

चुसॉक हा त्यांचा पौर्णिमेचा मोठा सण. नव्या तांदळाची अर्धचंद्रासारखी उकड करतात, आत तीळ आणि मध, आणि देवदाराच्या जातीच्या झाडाच्या हिरव्या सुयांवर वाफवतात. सोंगप्यॉन म्हणतात त्याला. म्हणजे आकार करंजीचा आणि पारी मोदकाची. मी पहिल्याच फटक्यात अशी पातळ पारी केली की मिसेस किमनी चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली. म्हणाल्या, "आमच्यात म्हणतात, जिला हे सुंदर जमतं तिला मुलगी सुंदर होते." आम्हाला मूल नाही. मी मान खाली घालून पुढची पारी घेतली.

त्या वर्षी चुसॉक आणि कोजागिरी एकाच दिवशी आली होती. त्या सकाळी आप्पांनी मला घरी बोलावलं. युनाच्या आईच्या नावाने पान मांडायचं होतं. आपल्या पितरांसारखंच, फक्त कावळ्याची वाट बघत नाहीत. त्यांच्यात पितर दारातून येतात, म्हणून पान मांडलं की घराचं दार उघडं ठेवावं लागतं.

आता अडचण लक्षात घ्या. वर्षभर या घराचं दार दोन कड्या आणि एक साखळी लावून बंद असायचं. बेल वाजली तरी ही दोघं आवाज करत नसत. आणि आज ते उघडं ठेवायचं, तेही सगळ्यांची ये-जा असलेल्या जिन्याकडचं.

मला दाराशी बुटांच्या कपाटावर बसवण्यात आलं. पहाऱ्याला! मी युनाला हळूच विचारलं, "मीच का? मिसेस किम का नाही?"

"मिसेस किम घाबरत नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांच्या आधी घाबरता. म्हणजे आम्हाला लगेच कळेल."

आत फोटोपुढे वाफाळता भात होता, भातात उभा खोवलेला चमचा होता, पेअर होते, आमचे सोंगप्यॉन होते. दोघांनी जमिनीला डोकं टेकून नमस्कार केला. मग पाहुणीला सुखाने जेवता यावं म्हणून काही मिनिटं बाजूला व्हायचं असतं, तसे दोघं माझ्यापाशी दारात येऊन बसले. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. खालून वर. जड. आप्पांचा हात कडीवर गेला. युनाने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती उभी राहिली.

वरच्या मजल्यावरचे आजोबा धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन आले, गुड मॉर्निंग म्हणाले आणि वर गेले.

आम्ही तिघंही पुन्हा बसलो. थोड्या वेळाने युना म्हणाली, "आप्पा, आपण दोन घरं बदलली ना. तुम्ही म्हणता अॅड्रेस कुणालाच सांगायचा नाही. मग आईला कुणी सांगितला?"

दार अर्धं उघडं होतं, ते आप्पांनी उठून पूर्ण उघडलं.

मी त्यांच्याकडे कार्ड मागितलं आणि तिथेच, बुटांच्या कपाटावर बसून, माझं नाव लिहिलं. फोन नंबर लिहिताना सातचा एक झाला. युनाने तपासला आणि दुरुस्त करायला लावला.

संध्याकाळी केशरी दूध आटवताना मी अभयला सांगितलं. त्याने पातेल्याखालचा गॅस बारीक केला. मग म्हणाला, "गाडीत तिच्यासाठी बूस्टर सीट लागेल."

*

नाव लिहिलं खरं, पण केंद्रापासून आमच्या घरापर्यंत गाडी कोण चालवणार? मीच. मला डावीकडे वळायलासुद्धा तीन सिग्नल लागतात.

म्हणून नोव्हेंबरात मी रोज संध्याकाळी सहानंतर प्रॅक्टिस सुरू केली. मागच्या सीटवर मूल आहे हे डोक्यात पक्कं बसावं म्हणून बूस्टर सीटवर वीस पौंडांची तांदळाची पिशवी ठेवायचे आणि तिला सीटबेल्ट लावायचे. वळणावर मी पिशवीशी बोलतही असे. "घाबरू नकोस हं, आता वळतोय आपण."

चौथ्या दिवशी मागे लाल-निळे दिवे लागले. मी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की पोलीस काच खाली करा म्हणाला तरी हात सुटेना. माझं काय चुकलं? व्हिसा? कार्ड? कार्डावरचं नाव यांना कळलं?

तो तरुण पोलीस होता. म्हणाला, "मॅम, पस्तीसच्या रस्त्यावर तुम्ही बारावर चाललाय." मग त्याने मागे टॉर्च मारला. तांदूळ सीटबेल्ट लावून बसला होता. तो पिशवीकडे बघतच राहिला.

मी म्हणाले, "ती आत्ता माझी विद्यार्थिनी आहे."

त्याने टॉर्च बंद केला. "सावकाश जा, मॅम," तो म्हणाला. "म्हणजे याहून थोडं जोरात." तो गेल्यावर मी दहा मिनिटं तिथेच बसून रडले.

*

आता शेवटचा. हा मी अजून शनिवारच्या मंडळींत सांगितलेला नाही.

फेब्रुवारीत सोल्लाल असतं, त्यांचं चांद्र नववर्ष. त्या दिवशी तांदळाच्या पांढऱ्या चकत्यांचं गरम सूप खातात. वाढदिवस कधीही असो, ते सूप एक वाटी संपवलं की तुम्ही एक वर्षाने मोठे झालात असं त्यांच्यात म्हणतात. मुलं एकमेकांना विचारतात, "तू किती वाट्या खाल्ल्या?" मोठी माणसं हसत हसत दुसरी वाटी नको म्हणतात.

केंद्रातच सण होता. बर्फ पडत होता. मिसेस किमनी मोठं पातेलं चढवलं होतं. मुलं रंगीत रेशमी कपडे घालून आली होती. युनाचा झगा दोन वर्षांपूर्वीचा होता, मनगटं बाहेर दिसत होती. तिला आता सात पूर्ण झाली होती, दुसरीत होती.

जेवणाआधी ती वही घेऊन माझ्याकडे आली. उभी वजाबाकी मांडली होती. एकवीस वजा सात. दशक मोडून, हातचा नीट लिहून. उत्तर चौदा.

"बरोबर?" तिने विचारलं.

"अगदी बरोबर," मी म्हणाले आणि भोवती मोठा गोल काढला. सणाच्या दिवशीही गणित करते म्हणून मला कौतुक वाटलं. शाब्बास म्हणून मी तिच्या पाठीवर थाप मारली.

मग सगळे जेवायला बसले. युनाने पहिली वाटी भराभर संपवली आणि पातेल्यापाशी गेली. दुसरी संपवली, पुन्हा गेली. इतर मुलं जेवण आटोपून लाकडी काड्यांचा खेळ मांडून बसली. युना टेबलावर एकटीच होती. चौथ्या वाटीला तिने एक हात पोटावर ठेवला होता आणि दुसऱ्याने ती खात होती. चकत्या चिवट असतात, लवकर गिळवत नाहीत.

"पुरे, युना," मिसेस किम म्हणाल्या. "पोट दुखेल."

"अजून दहा," युना म्हणाली.

तेव्हा मला कळलं. माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला. मिसेस किमनी माझ्याकडे पाहिलं, मग युनाकडे पाहिलं, आणि त्या खुर्ची ओढून बसल्या.

तळघराची खिडकी रस्त्याच्या पातळीला आहे. तिच्यातून फक्त गाड्यांची चाकं दिसतात. पांढऱ्या व्हॅनची दोन चाकं दिसत होती, त्यांच्याभोवती बर्फ साठला होता आणि मागे धूर निघत होता. सोल्लालच्या दिवशी वडीलधाऱ्यांना नमस्कार करायचा असतो, म्हणून बाकी सगळ्यांचे आईवडील आत आले होते. युनाचे आप्पा वरच होते.

पाचव्या वाटीला युना रडत होती. आवाज नाही, नुसतं गालावरून पाणी, आणि चावणं चालूच. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. वाटी काढून घ्यावी असं वाटलं, पण हात पुढे होईना.

"टीचर, तुम्ही मोजा," ती म्हणाली. "मला आता मोजता येत नाहीये."

"मोजते," मी म्हणाले.

तिने अर्धी चकती तोंडात घातली. ती गिळायला तिला फार वेळ लागला. चमचा तिने वाटीत सोडला आणि टेबलावर डोकं टेकलं.

"किती झाल्या?"

नऊ वर्षं मी पेपर तपासले. पास व्हायला अर्धा मार्क कमी पडतोय म्हणून पालक घरी येऊन बसायचे, तरी मी तो कधी दिला नाही.

"चौदा," मी म्हणाले.

तिने डोकं वर केलं. वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग झग्याच्या आखूड बाहीने तोंड पुसलं आणि खिडकीकडे बोट केलं.

"मग आप्पांना सांगा," ती म्हणाली, "आता आत या."